तेवीस पूर्णांक शहाण्णव

शुक्रवारी पाचव्या मजल्यावर एकतीस खुर्च्या होत्या. एकोणतीस चाकांच्या, दोन बिनचाकांच्या, बाहेरून भेटायला येणाऱ्यांसाठी. सोमवारी सकाळी मी जिन्याचं दार ढकलून आत आले तेव्हा तीस होत्या. मी दोनदा मोजल्या, एकदा खिडकीच्या बाजूने आणि एकदा दाराच्या, कारण एकाच बाजूने दोनदा मोजलं तर पहिल्या वेळची चूक दुसऱ्या वेळीही तशीच होते. दोन्हीकडून तीस. नसलेली खुर्ची माझ्या शेजारची होती. गालिच्यावर तिच्या पाच चाकांचे पाच खळगे तेवढे उरले होते. एक जरा जास्त खोल होता, कारण तिथे बसणाऱ्या बाई डावीकडे रेलून बसायच्या. त्यांना आम्ही कायदेबाई म्हणायचो. करार वाचायचे, शंका काढायच्या, हे त्यांचं काम. शुक्रवारी संध्याकाळी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं होतं. वीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्याकडे मोठी पिशवी आहे का गं एखादी?" मी दिली. कशाला हवी, ते विचारलं नाही. बहुतेक मी विचारू नये असंच त्यांनाही वाटत होतं.

मग मी माझा तक्ता उघडला. आधी तक्ता उघडला आणि मग वाईट वाटलं, हा क्रम मला नंतर लक्षात आला. तक्त्यात दोनशे बारा नावं आहेत. चार वर्षांपूर्वी परदेशातल्या एका फंडाने आमची कंपनी घेतली. कंपनी दाबमापक बनवते, म्हणजे बॉयलरवर, सिलिंडरवर, इस्पितळातल्या नळ्यांवर जी गोल काट्याची तबकडी असते ती. नव्या मालकांनी दोनशे बारा जणांना शेअर देऊ केले, प्रत्येकाला सारखेच. अट एकच. चार वर्षं पूर्ण होतील त्या दिवशी जो कामावर असेल त्याला मिळतील. आदल्या दिवशी गेला तरी शून्य. तो दिवस आता एकोणीस दिवसांवर आला होता. गेलेल्यांच्या रकान्यात बावीस होते. मी कायदेबाईंच्या नावापुढे तारीख घातली, तिथे तेवीस झाले, आणि मी तक्ता लगेच मिटला.

कारण किती जण जातील, हा आकडा माझा आहे. शेअर देऊ करताना कंपनीला आधीच सांगावं लागतं की यातले किती जण मुदतीपर्यंत टिकणार नाहीत. त्याला गळतीचा अंदाज म्हणतात. मी तेव्हा तळघरातल्या प्रयोगशाळेतून नुकतीच वर आले होते, पदार्थविज्ञान शिकलेली म्हणून, आणि मॅडमनी पहिलं काम दिलं ते हे. मॅडम म्हणजे आमच्या वित्त विभागाच्या प्रमुख. मी कंपनीच्या आठ कारखान्यांची जुनी हजेरीपुस्तकं काढली आणि चार वर्षांत शंभरातले किती सोडून जातात ते मोजलं. सात कारखान्यांचे आकडे एकमेकांना चिकटून होते, अकरा ते अकरा पूर्णांक सहाच्या आत. आठवा, सगळ्यात जुना, साडेनऊ. सात बिंदू एका जागी आणि एक लांब असला की लांबचा सोडून द्यावा, असं आम्हाला शिकवलेलं. त्यालाही रीत आहे, किती लांब म्हणजे लांब त्याचं सूत्र आहे. मी सूत्र लावलं, आठवा कारखाना सूत्रात बसला नाही, मी तो काढून टाकला. सरासरी आली अकरा पूर्णांक तीन. दोनशे बाराचे अकरा पूर्णांक तीन टक्के म्हणजे तेवीस पूर्णांक शहाण्णव माणसं. मॅडम हसल्या होत्या. म्हणाल्या, "शहाण्णव शतांश माणूस कसा जातो गं? चप्पल विसरून?" आणि त्यांनी चोवीस लिहिलं. मीही हसले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, की इथे लोक आकड्यांवर विनोद करतात.

चार वर्षं मी दर तिमाहीला एक बिंदू मांडत आले. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर गेलेली माणसं, आणि मधून माझ्या अंदाजाची तिरपी रेष. पहिल्या वर्षी बिंदू इकडेतिकडे पडले, तसे ते पडायलाच हवेत. दुसऱ्या वर्षापासून ते रेषेवर बसायला लागले. तिसऱ्या वर्षी नेमके बसले. मॅडमनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. महाविद्यालयात एका मुलाने लंबकाचा प्रयोग न करताच वहीत आकडे भरले होते, आणि सरांनी वही न वाचता, नुसता आलेख लांबून बघून त्याला उभं केलं होतं. खरे बिंदू रेषेवर बसत नाहीत, एवढंच म्हणाले होते. मग मी विचारत विचारत गेले आणि कळलं ते असं, की कंपनीने बाजूला ठेवलेले शेअर एकशे अठ्ठ्याऐंशी जणांपुरतेच आहेत. एकशे एकोणनव्वदावा माणूस उरला तर त्याचा वाटा सगळ्यात वरच्या सात साहेबांच्या वेगळ्या वाट्यातून निघणार. कोणी कधी कोणाला तसा हुकूम दिला नव्हता. फक्त तिमाही संपत आली आणि बिंदू रेषेच्या खाली असला, की कोणाच्या तरी कामात अचानक चुका सापडायच्या, कोणाचा तरी विभाग दूरच्या गावी हलायचा, काचेच्या खोलीचं दार वीस मिनिटं बंद व्हायचं. मी हवामानाचा अंदाज सांगितला होता आणि ते छतावर चढून पाणी ओतत होते.

आता तेवीस झाले होते. म्हणजे अजून एक.

त्याच दिवशी दुपारी मी तळघरात गेले. तिथे जायला माझ्याकडे कामाचं कारण नसतं, पण चहाचं असतं. तळघरात मिलीमीटर असतात. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण तीस वर्षांत ते कोणी वापरलेलं नाही. मी त्यांना काका म्हणते, पाठीमागे मिलीमीटर. बाहेर जाणारा प्रत्येक दाबमापक आधी त्यांच्या टेबलावर येतो, मूळ मापकाशी जुळवून बघितला जातो आणि मगच खोक्यात जातो. माझं पहिलं वर्ष त्यांच्या हाताखाली गेलं. मूळ मापकाच्या तबकडीत काट्यामागे आरशाची एक अर्धगोल पट्टी असते. पहिल्या दिवशी मी काटा वाचला आणि आकडा सांगितला, तर म्हणाले, "एक डोळा मिट. काट्यामागे दुसरा काटा दिसतोय ना? तो ह्याच्या मागे पुरता लपेपर्यंत डोकं हलव. मग वाच." आणि मग, दुसऱ्या मापकाकडे वळत, "आणि काय येणार ते आधी मनात धरू नकोस. मनात धरलं की मान आपोआप तिकडे कलते." हे एवढं एकच वाक्य माझ्या साऱ्या पदवीला भारी होतं, आणि मी ते वर जाताना खालीच ठेवून गेले.

"ये," ते म्हणाले. "तुझ्या मजल्यावरची हवा लागलेली दिसतेय. तोंड उतरलंय."

"झोप नाही झाली काका."

"खाटेची कुरकुर?"

त्यांना सगळं माहीत होतं. आमच्या घरात दोन खोल्यांत पाच माणसं, आई, दादा, वहिनी, त्यांची चिमी आणि मी. मी बाहेरच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपते. खाट उघडली की दार एकोणचाळीस सेंटीमीटर उघडतं, बारीक माणूस आडवा होऊन जाऊ शकतो. शेअर मिळाले की त्यात दादाची बचत मिळवून तीन खोल्यांचं घर घ्यायचं ठरलं आहे. तिसरी खोली माझी. दार असलेली. आई अधूनमधून विचारते, "तुझ्या खोलीला खिडकी पूर्वेला हवी की कशी?" जणू ती खोली कुठेतरी आहेच आणि तिची फक्त मान वळवायची आहे.

काकांनी खिशातून टेप काढली. म्हणाले, "काल पुन्हा जाऊन आलो. नऊ फूट चार इंच बाय अकरा. अजून तेवढीच आहे." ही त्यांची दुकानाची जागा. रस्त्यालगत एक शटर, शेअर विकून घ्यायचं, तिथे जुने मापक, घड्याळं, तराजू दुरुस्त करायचे. ते ती जागा आतापर्यंत अकरा वेळा मोजून आले आहेत. काकू म्हणतात म्हणे, की लग्नाआधी मला बघायला दोनदाच आले होते. मी हसले. मग ते सहज म्हणाले, "आणि हो, गुरुवारी अकराला मला वर बोलावलंय. काचेच्या खोलीत. कशाला गं? तुला काही माहिती?"

मी मूळ मापकाकडे बघत होते. त्यावर दाब नव्हता, काटा शून्यावर होता, आणि मी उभी होते तिथून मला दोन काटे दिसत होते. मी म्हटलं, "नाही काका."

मग, नुसतं बोलायचं म्हणून, मी विचारलं, "काका, तुम्ही आधी जुन्या कारखान्यात होतात ना? तिथले लोक सोडून का जात नसत?" ते रुमालाने काच पुसत होते. "पगार तर कमीच होता," म्हणाले. "पण एक लांब टेबल होतं तिथे. फळ्या जोडून आम्हीच केलेलं. दुपारी सगळ्यांचं जेवण त्याच्यावर. फोरमन पण तिथेच, झाडूवाला पण तिथेच. कोणी महिनाभर रुसला तरी जेवायला तिथेच यायचा. असं टेबल सोडून जायचं म्हणजे पंचवीस जणांना कारण सांगत बसा. कोण सांगणार? त्यापेक्षा थांबलेलं बरं."

तो साडेनऊचा बिंदू. मी तो सूत्र लावून खोडला होता. वर येताना जिन्यात मी हिशेब केला, पायऱ्या मोजता मोजता. आठवा कारखाना धरला असता तर सरासरी अकरा पूर्णांक शून्य सात. दोनशे बाराचे तेवीस पूर्णांक सत्तेचाळीस. पूर्ण माणसांत तेवीस. तेवीस जाऊन झाले होते. चोविसावा माणूस कोणी निर्माण केला असेल तर तो मी केला होता, लांबचा बिंदू सोडून देऊन.

मंगळवारी मी मॅडमकडे गेले. मॅडम वाईट नाहीत. मला पदव्युत्तर परीक्षेसाठी सुट्टी त्यांनीच दिली होती आणि एकदा मी रडले तेव्हा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या, मी आवरेपर्यंत. मी आठही कारखान्यांचा आलेख पुढे ठेवला आणि म्हटलं, अंदाज दुरुस्त करायचा आहे, तेवीस.

"आत्ता?" त्या म्हणाल्या. "अठरा दिवस राहिले असताना? अगं, कागद तीन देशांत छापून गेलेत." कंपनीचे शेअर समुद्रापलीकडच्या बाजारात जाणार होते. पूर्वी आमच्या जुन्या मालकांना भागधारक तोंडाने ओळखायचे, वर्षाच्या सभेला येऊन पंखा का बंद आहे म्हणून भांडायचे. तिकडच्या बाजारात आता माणसं शेअर निवडतच नाहीत फारशी. मोठ्या कंपन्यांची एक यादी असते, यंत्रं ती यादीच्या यादी विकत घेतात, आणि आपण त्या यादीत बसलो की न मागता पैसा येतो, नाही बसलो की कोणी मागे वळून बघत नाही. यादीत बसायला नफा सांगितला तेवढाच यावा लागतो, आणि अंदाजापेक्षा जास्त उरलेल्या माणसाचे शेअर म्हणजे त्या नफ्यातून वजा होणारा खर्च. मॅडमनी हे मला समजावून सांगितलं, चिडून नव्हे, भूगोल सांगतात तसं. मग पेन काढलं. "बरं, बदलू. पण कारण लिहावं लागेल. चार वर्षांनी एक कारखाना का परत धरला? सांग, मी लिहिते."

मी म्हटलं, "तिथले लोक एका टेबलावर जेवायचे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"मॅडम, गुरुवारी प्रयोगशाळेतल्या काकांना कशाला बोलावलंय?"

"तो एचआरचा विषय. मला कसं माहीत असेल?" आणि मग, मी दाराशी पोचल्यावर, "तेवीस काय आणि चोवीस काय. एका माणसाचा फरक."

त्या रात्री की सकाळी, नक्की सांगता येत नाही, मी खाटेवर पडून दाराची फट बघत होते आणि सगळ्या बाजूंनी मोजत होते. मी काही केलं नाही, तर काका. सत्तावन्न वर्षांचे, एकतीस वर्षं नोकरी, नऊ फूट चार इंच. मी बाहेर सांगितलं, वर्तमानपत्राला म्हणा, तर काय दाखवणार? एक रेष आणि तिच्यावर बसलेले बिंदू. अंदाज बरोबर आला हा काही गुन्हा नाही, त्याबद्दल माझं सगळ्यांदेखत कौतुक झालेलं आहे. अंदाज बदलता येत नाही, कारण पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे राहिलेली माणसं, आणि माणसं राहायची तर आधी अंदाज बदलायला हवा. मी या वर्तुळाभोवती इतक्या वेळा फिरले की मला त्याचा परीघ सांगता आला असता. उरली एकच वाट, आणि ती मला सोमवारपासून दिसत होती, फक्त मी डोकं अशा कोनात धरलं होतं की ती दुसऱ्या काट्याआड लपावी. दोनशे बारा नावांत एकशे सदतिसावं नाव माझं आहे.

सकाळी दादा दाढी करता करता म्हणाला, "सतरा दिवस हं ताईसाहेब. दलालाला शब्द देऊन टाकू का?"

"थांब ना जरा."

"आता काय थांबायचं? चार वर्षं थांबलोच की." वहिनी आतून म्हणाली, "अहो, तिला चहा तरी पिऊ द्या." चिमी माझ्या खाटेवर उड्या मारत होती. खाट अजून मिटली नव्हती म्हणून दादाला दाराबाहेर जाताना आडवं व्हावं लागलं. त्याचं पोट सुटलं आहे. तो अडकला, श्वास आत घेतला, सुटला, आणि हसत म्हणाला, "आणखी सतराच वेळा."

बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी राजीनामा पाठवला. दोन ओळींचा. कारण या शब्दापुढे 'वैयक्तिक' लिहिलं. पाठवल्यावर कितीतरी दिवसांनी सगळं जागेवर आल्यासारखं वाटलं, प्रयोग मांडून झाल्यावर वाटतं तसं. तेवीस अधिक एक. मग मी तक्त्यात माझ्या नावापुढे स्वतःच तारीख घातली.

गुरुवारी अकराला काचेच्या खोलीचा पडदा उघडा होता. मी जागेवरून बघत होते. आत तिकाटण्यावर कॅमेरा होता, पांढऱ्या छत्रीसारखा दिवा होता, आणि मध्ये काका बसले होते, नव्या शर्टात, मूळ मापक मांडीवर धरून, लहान मूल धरावं तसं. फोटोवाला त्यांना हनुवटी वर करायला सांगत होता. वीस मिनिटांनी ते बाहेर आले आणि थेट माझ्याकडे आले. "अगं, फोटो काढायला बोलावलं होतं. त्या परदेशी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घालणारेत म्हणे, सगळ्यात जुना माणूस म्हणून. मी घाबरून रात्रभर जागा. काकू म्हणाली, निदान शर्ट तरी चांगला घाला, कामावरून काढायचं तर चांगल्या शर्टात काढू दे." ते हसत होते. मी त्यांच्या कॉलरची अजून न काढलेली टाचणी काढून दिली.

मग मी मॅडमकडे गेले. चालत गेले, पळाले नाही. म्हटलं, कालचा राजीनामा मला परत घ्यायचा आहे.

"अगं पण तो काल संध्याकाळीच मंजूर झाला," त्या म्हणाल्या. "वरून, सही होऊन. एवढ्या पटकन कधी होत नाही खरं तर." त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली, मी रडले होते तेव्हा तोंड वळवलं होतं तशी. "तुझं कार्ड बारा वाजता बंद होईल. काही सामान असेल तर आत्ताच घे."

"मी नसते गेले तर कोण होतं?"

"कोणी नव्हतं," मॅडम खिडकीलाच म्हणाल्या. आणि मग, "मला खरंच माहीत नाही गं."

माझी मोठी पिशवी कायदेबाईंकडे होती. मी वस्तू हातात घेऊन निघाले. खाली, रस्त्यावर, कितीतरी वेळ मी एका बाजूला उभी होते. दोन्हीकडून माणसं जात होती. मी काका वाचले असं मोजू शकत होते आणि काकांना धोका नव्हताच असंही मोजू शकत होते, आणि तेच दिवस मी न जाता पुन्हा घडवून बघायची सोय कुठल्याच प्रयोगशाळेत नाही. तिसरंही मोजता येत होतं, की ती रेष चार वर्षं माझीच वाट बघत होती. दादाला मी संध्याकाळी सांगितलं. घडीची खाट त्याने स्वतः उघडून दिली, आणि दार किती उघडतं ते उगाच एकदा उघडून बघितलं.

दुकान त्या वर्षाच्या शेवटी उघडलं. काकांनी मला बसायला एक उंच स्टूल ठेवलं आहे. मी आठवड्यातून तीन दिवस तिथे तराजू तपासते, उरलेले दिवस शिकवण्या. "सतराच दिवस राहिले होते गं," ते अजून मधूनच म्हणतात, "असा कसा कंटाळा आला तुला?" मी म्हणते, आला काका. मुखपृष्ठावरचा त्यांचा फोटो चौकट करून समोरच्या भिंतीवर लावला आहे, पाणसळ लावून, अगदी सरळ. काल टपालाने कंपनीचा वार्षिक अहवाल आला, भागधारक म्हणून त्यांच्या नावाने, कारण एक शेअर त्यांनी आठवण म्हणून विकला नव्हता. त्यांनी तो न उघडताच माझ्याकडे दिला. मी एकशे छप्पन्नावं पान काढलं. खाली बारीक अक्षरांत टीप होती.

देऊ केलेले: २१२. मुदतीपूर्वी गेलेले: २४. गळतीचा अंदाज: ११.३ टक्के. प्रत्यक्ष: ११.३ टक्के.